बहिणींचें चित्र

सोळाव्या शतकांत इटलींतील क्रेमोना शहरीं आमिल्कारे आंग्विस्सोला नांवाचे एक सरदार राहत असत. त्यांस सहा मुली व एक मुलगा. सर्वांत थोरली सोफोनिस्बा. चित्रकला हा त्या काळीं बहुतेक पुरुषांचाच व्यवसाय. तरी आमिल्कारे यांनीं तिला व तिची बहीण एलेना हिला बर्नार्दिनो काम्पी या चित्रकाराकडे रीतसर शिकण्यास पाठविलें.

तथापि एक दार बंदच राहिलें. पुराणकथांतील व पवित्र शास्त्रांतील भव्य प्रसंग रंगविण्यास मानवी देहरचनेचा प्रत्यक्ष अभ्यास लागे, आणि तो स्त्रियांस वर्ज्य होता. तेव्हां सोफोनिस्बा हिनें घरचीं माणसेंच अभ्यासास घेतलीं.

इ. स. १५५५ मध्यें तिनें काढलेलें 'बुद्धिबळाचा डाव' हें चित्र या अभ्यासाचें फळ होय. तीन बहिणी पटाभोंवतीं जमल्या आहेत. मिनर्व्हा हात उचलून लुचियाकडे पाहत कांहींतरी बोलूं पाहते. धाकट्या युरोपाला मिनर्व्हाकडे पाहून हसूं आवरत नाहीं. मागें एक वृद्ध दासी कौतुकानें पाहत आहे. आणि लुचिया? तिचा हात पटावर असून दृष्टि मात्र सरळ समोर, म्हणजे चित्र काढणाऱ्या थोरल्या बहिणीकडे आहे. सोफोनिस्बा चित्रांत कोठेंहि नाहीं. तरी नजरांची सारी सांखळी तिच्यापाशीं येऊन थांबते. त्या काळच्या तसबिरींत माणसें बहुधा गंभीर मुद्रेनें बसलेलीं दिसतात. येथें एकीच्या मुखावरील भाव दुसरीच्या कृतीमुळें उमटला आहे, म्हणूनच तो खरा वाटतो.

जॉर्जो वासारी यांनीं हें चित्र तिच्या पित्याच्या घरीं पाहिलें व यांतील व्यक्तींस केवळ वाचा नाहीं, अशा अर्थाची स्तुति आपल्या १५६८ च्या ग्रंथांत केली. तत्पूर्वींच, १५५९ मध्यें, सोफोनिस्बा हिला स्पेनच्या राजदरबारीं बोलावणें आलें होतें. हें चित्र आतां पोलंडमधील पोझ्नान येथील संग्रहालयांत आहे.

विद्यार्थिमित्रहो, चित्रासाठीं विषय दूर शोधावयास नको. शेजारीं पाटी घेऊन बसलेल्या आपल्या बहिणीकडे घटकाभर नीट पाहा. जें दिसेल तेंच प्रामाणिकपणें काढा.

पालकांनींहि एक गोष्ट ध्यानीं घ्यावी. पटाच्या कडेवर सोफोनिस्बा हिनें लॅटिन भाषेंत लिहून ठेविलें आहे कीं, आमिल्कारे यांच्या कन्येनें आपल्या तीन बहिणी व दासी प्रत्यक्ष पाहून रंगविल्या. मुलीला विद्या देणाऱ्या त्या पित्याचें नांव मुलीच्याच कुंचल्यानें साडेचारशेंहून अधिक वर्षें राखलें आहे.