नवउद्योजकाची मनोभूमिका आणि निर्णयशक्ती

नवा उद्योग सुरू करू इच्छिणाऱ्या तरुणाला प्रथम भांडवलाची चिंता भेडसावते, आणि ते स्वाभाविकही आहे. तथापि, भांडवल मिळूनही काही उद्योग अल्पावधीतच बंद पडतात. त्याचे मूळ पुष्कळदा आरंभीच्या निर्णयांत असते. ग्रामीण तरुण अर्ज करण्यापूर्वी सल्ल्यासाठी शिक्षक, सरपंच अथवा विस्तार अधिकारी यांच्याकडे येतो. म्हणून निर्णय कसा घ्यावा, याची जाण या मंडळींनाही असणे अगत्याचे आहे.

किर्लोस्करवाडीचा धडा

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी आरंभ कारखान्याने केला नाही. 1888 मध्ये बेळगावात सायकलींचे दुकान निघाले. पुढे कडबा कापण्याचे यंत्र व 1903 च्या सुमारास लोखंडी नांगर तयार झाला. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी त्या वेळी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपण्यास सुमारे दोन वर्षे लागली. पुढे बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंध संस्थानच्या अधिपतींनी दिलेल्या कुंडल रोड स्थानकाजवळच्या निवडुंगाच्या माळावर 1910 मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली.

यातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, लहान व्यवसायातून अनुभव घेत त्यांनी मोठ्या उत्पादनाकडे पाऊल टाकले. दुसरी, ग्राहकाचा नकार हा अपमान न मानता त्यांनी धीर धरला. चिकाटी आणि हट्ट यांतील भेदही येथेच समजून घ्यावा. नवी माहिती मिळाल्यावर मार्ग बदलतो तो चिकाटीचा. माहितीच नाकारतो तो हट्टी.

आधी हिशेब, मग यंत्र

समजा, एका तरुणास तेलघाणा सुरू करावयाचा आहे. भाडे, वीज, मजुरी व कर्जाचा हप्ता मिळून दरमहा 24,000 रुपये ठरीव खर्च येतो आणि कच्च्या मालाची किंमत वजा जाता किलोमागे 60 रुपये उरतात. म्हणजे दरमहा 400 किलो तेल विकले, तरच खर्च भागेल. नफ्याची गोष्ट त्यापुढची. एवढे गिऱ्हाईक पंचक्रोशीत आहे काय, हे यंत्र खरेदी करण्यापूर्वी घरोघर व दुकानोदुकानी विचारून पाहिले पाहिजे. शेजारच्या गावी घाणा चांगला चालतो, एवढे कारण पुरेसे नाही.

परत फिरता येईल असे निर्णय

काही निर्णय बदलता येतात, काही येत नाहीत. भाड्याची जागा सोडता येते; शेत गहाण ठेवून बांधलेली शेड सोडता येत नाही. पहिल्या प्रकारचे निर्णय त्वरेने घ्यावेत, दुसऱ्या प्रकारचे सावकाश व घरच्यांशी विचारविनिमय करून घ्यावेत. किती रक्कम व किती महिने पणाला लावावयाचे, ही मर्यादा आधीच कागदावर लिहून ठेवावी. तोटा होऊ लागल्यावर ठरविलेली मर्यादा सहसा पाळली जात नाही. घरखर्च व धंदा यांची खातीही वेगळी असावीत.

अनुदानाविषयी गैरसमज

पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात लाभार्थीस प्रकल्पखर्चाचा 5 ते 10 टक्के हिस्सा स्वतः उभारावा लागतो. अनुदान रोख हाती पडत नाही. ते 3 वर्षे बँकेत मुदत ठेवीच्या रूपाने राहते व त्यानंतर कर्जात समायोजित होते. साहजिकच कर्जाचा हप्ता धंद्याच्या उत्पन्नातूनच द्यावा लागतो. अनुदान आहे म्हणून धंदा निवडणे, हा उलटा क्रम होय.

मार्गदर्शकांची जबाबदारी

सल्ला मागणाऱ्यास तीन प्रश्न अवश्य विचारावेत. माल कोण घेणार? खर्च भागण्यास किती विक्री हवी? न जमल्यास थांबावयाचे कोठे? उत्तरे समाधानकारक असतील, तर त्यास जिल्हा उद्योग केंद्राचा रस्ता दाखवावा. नसतील, तर ती शोधण्यास परत पाठवावे. असे परत पाठविणे म्हणजे निरुत्साह करणे नव्हे. एखाद्या कुटुंबाची जमीन त्यामुळे वाचू शकते, आणि तोच तरुण उद्या अधिक तयारीने परत येऊ शकतो.