शेवटचा पाव आटा हाताने

इलेक्ट्रिक स्क्रू ड्रायव्हर घ्यायला दुकानात गेलास की दुकानदार पहिलं वाक्य काय टाकेल, ते आत्ताच सांगून ठेवतो: “साहेब, ह्याचा टॉर्क बघा!” तू मान डोलाव आणि विचार, “कमीत कमी किती?” तिथे बहुतेकांची बोलती बंद होते. पण तुला हवा आहे तो तोच आकडा. पडद्याचे रॉड आणि कपाटाचे कब्जे बसवायचे असतील तर जास्तीत जास्त जोर बघावा. रिमोटची गाडी जोडायची असेल तर यंत्र किती हळू फिरतं आणि किती लवकर थांबतं, ते बघावं.

तू घेतलीस ती तामियाची टीटी-02. एक-दशांश मापाची, 2013 पासून बाजारात असलेली, शिकणाऱ्याला एकदम योग्य. तिची चासी म्हणजे प्लॅस्टिकची खोलगट टब, आणि तिच्यातले बरेचसे स्क्रू 3 मिलीमीटरचे टॅपिंग. म्हणजे भोकात आटे आधी पाडलेलेच नसतात. स्क्रू आत शिरता शिरता स्वतःच पाडतो. लोखंडात आटे गेले तर पुढच्या मापाचा टॅप मारून निभावता येतं. प्लॅस्टिकात गेले की गेले. डोकं बसल्यावर स्क्रू अर्धा आटा जरी जादा फिरला, तरी भोकातला भुगा वर येतो आणि स्क्रू नुसता गरगरत राहतो.

दुसरी भानगड वेगाची. भरभर फिरणारा स्क्रू प्लॅस्टिकला घासून तापवतो. तापलेल्या प्लॅस्टिकात आटा कापला जात नाही, चोळला जातो. म्हणून मिनिटाला दोनशेच्या आसपास फेरे तुला पुरेत. बॉशचं इक्सो 2003 साली आलं, छोटंसं, 3.6 व्होल्टचं, त्याचे फेरे तेवढ्याच्या आसपास. वेग ठीक आहे, पण जोर बघ: पुढच्या आवृत्त्यांत तो साडेचार न्यूटन-मीटर आणि त्याच्याही वर जातो. साधा 3 मिलीमीटरचा पोलादी स्क्रू पोलादात आवळायला सुद्धा एक-सव्वा न्यूटन-मीटर पुरतो, प्लॅस्टिकात तर त्याच्याही निम्म्याखाली. मग घरातलं तीस न्यूटन-मीटरचं ड्रिल या कामाला का लावू नये, ते वेगळं सांगायला नको.

म्हणून क्लच पाहिजे. पुढच्या कड्यावर आकडे असतात ना, तो. ठरलेल्या जोरापुढे गेलं की कटकट वाजून बिट थांबतं. नुसतं “क्लच आहे” यावर जाऊ नकोस, सगळ्यात खालची पायरी तपास. कशी? जुन्या मिक्सरचं बूड भंगारात पडलेलं असतं, त्याच्या आतली स्क्रूची नळी तोडून खिशात टाकून ने, आणि सोबत एक 3 मिलीमीटरचा टॅपिंग स्क्रू. भोक बारीक असेल तर घरीच अडीच मिलीमीटरचं ड्रिल मारून घे. दुकानात क्लच एकवर ठेव आणि स्क्रू घाल. डोकं टेकताच यंत्र सुटलं पाहिजे. डोकं प्लॅस्टिकात रुतायला लागलं तर यंत्र खाली ठेव आणि आभार मानून बाहेर पड. मधेच अडकून सुटलं तर मात्र नाराज होऊ नकोस, उरलेलं हाताने होतं.

हाताने होतं, पण त्यासाठी यंत्र बंद असताना दांडा घट्ट राहिला पाहिजे. याला स्पिंडल लॉक म्हणतात. बटण सोडून मनगट फिरवलं की तेच यंत्र साधा स्क्रू ड्रायव्हर होतं. आमच्या टूलरूममध्ये एक शिस्त होती आणि तुलाही तीच पाळायची आहे: यंत्राने डोकं टेकण्याच्या जरा आधी थांबायचं, शेवटचा पाव आटा हाताने. आवळलं गेलं की नाही ते हाताला कळतं, क्लचला नुसता आकडा कळतो.

आकाराचं म्हणशील तर पिस्तुलासारखं घेऊ नकोस. टब टेबलावर ठेवून स्क्रू उभा घालायचा असतो. पिस्तूल धरलं की कोपर वर जातं आणि बिट तिरकं होतं. सरळ दांड्याचं, मुठीत मावणारं घे. काही यंत्रं दाबली की सुरू होतात, बटण नसतंच. स्क्रू काढायला ती झकास, पण बारीक स्क्रू घालताना दाबायचं किती आणि फिरवायचं कधी याचा मेळ बसत नाही. बटण जितकं दाबू तितका वेग, असं मिळालं तर जरा जास्त मोजायला हरकत नाही. मोबाइल उघडायची पेनासारखी यंत्रंही दिसतील, 4 मिलीमीटर बिटांची. दिसायला गोड आहेत, पण टॅपिंग स्क्रूला त्यांचा जीव पुरत नाही. तुझ्या यंत्राचं तोंड पाव इंची षटकोनी, म्हणजे 6.35 मिलीमीटरचं हवं. जगातली निम्मी बिटं त्यातच बसतात.

आता खरी गोष्ट, बिट. यंत्रात पैसे वाचव, इथे वाचवू नकोस.

तामिया जपानची, शिझुओकाची. तिचे स्टार स्क्रू जपानी मापाचे असतात, जेआयएस म्हणतात ते. आपल्याकडे हार्डवेअरच्या दुकानात मिळतं ते फिलिप्स. दोन्ही दिसायला सख्खी भावंडं, पण फिलिप्सचं टोक जपानी खाचेत तळापर्यंत उतरत नाही. वरवर टेकतं, जोर आला की उसळी घेतं, आणि स्क्रूचं डोकं खाऊन टाकतं. एकदा डोकं गोल झालं की तो स्क्रू काढताना रात्र जाते. जेआयएस बिट मागवून घे; व्हेसेल ही जपानी कंपनी ती बनवते. 3 मिलीमीटरच्या स्क्रूला दोन नंबर, त्याहून बारकाला एक नंबर. तीनला एक नंबर लावायचा मोह होतो, कारण तो आत जातो. आत जाणं वेगळं आणि बसणं वेगळं. बसलेलं बिट हातातून सोडलं तरी स्क्रूसकट उभं राहतं.

पुढे कधी ट्रॅक्ससची गाडी घेशील तर स्टार संपून ॲलन, म्हणजे षटकोनी खाच, सुरू होईल. 3 मिलीमीटरच्या स्क्रूतच तीन मापं: उभ्या डोक्याला अडीच, गोल आणि बसक्या डोक्याला दोन, पिनियनच्या, म्हणजे मोटरवरच्या छोट्या दातेरी चाकाच्या, बिनडोक्याच्या ग्रब स्क्रूला दीड. काही जुन्या अमेरिकन गाड्यांत इंचाची ॲलन असते. तिथे गंमत अशी की पाच-चौसष्टांश इंच म्हणजे 1.98 मिलीमीटर, दोनच्या भोकात ते मजेत जातं आणि तितक्याच मजेत भोक गोल करतं. ती बिटं वेगळ्या डबीत ठेव. आणि ॲलनचं टोक झिजलं तर फेकू नकोस. दगडावर पाणी टाकत टाकत टोक काटकोनात अर्धा-एक मिलीमीटर उतरव, कोपरे पुन्हा धारदार होतात. तापवू मात्र नकोस, कडकपणा जातो.

बिट लांब घे, पन्नास मिलीमीटरच्या वरचं. आखूड बिटाने यंत्राचं तोंड टबच्या भिंतीला अडतं. चकमध्ये लावल्यावर एकदा मोकळं फिरवून टोक बघ. डुलत असेल तर ते बिट नको.

एकदा घातलेला टॅपिंग स्क्रू काढून परत घालायचा असेल तर यंत्र बाजूला ठेव. स्क्रू भोकावर ठेवून आधी हाताने उलटा फिरव. एका जागी टक्‌ करून किंचित खाली बसल्यासारखं वाटेल. तिथे जुना आटा सापडला. मग सरळ फिरव. हे न करता घातलास तर तो जुन्या आट्याशेजारी नवा पाडतो, आणि असं दोन-तीनदा झालं की भोकात काही उरत नाही.

तामियाच्या पुस्तिकेत स्क्रू खऱ्या मापात छापलेले असतात. पिशवी उघडली की स्क्रू चित्रावर आडवा ठेवून जुळव, मगच उचल. मोटरच्या स्क्रूला तर हे दोनदा कर. लांब स्क्रू मोटरच्या आत शिरून वाइंडिंगला टेकू शकतो.

स्क्रू सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावायचं लॉकटाइट निळं, आणि तेही फक्त धातूत धातू असेल तिथे: पिनियनचा ग्रब स्क्रू, मोटरचे स्क्रू. प्लॅस्टिकला लागलं तर ते तडकतं.

चार्जिंग टाइप-सीचं बघ. पंधरा दिवस काम नसेल तर बॅटरी अर्ध्यावर ठेव, आणि उन्हात लावलेल्या गाडीत यंत्र विसरू नकोस. शेजारचे मागायला आले तर त्यांना मोठं ड्रिल दे. हे देऊ नकोस. त्यांना पडद्याचा रॉड लावायचा असतो.