मेकॅनिकलमधून वायुगतिकीकडे

प्रश्न : मी वर्ध्यात मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. वायुगतिकीत संशोधन करायचं, शिकवायचं आहे. एरोस्पेसची पदवी नसली तर चालेल का?

उत्तर : चालेल. मेकॅनिकलची गेट देऊनही आयआयटी मुंबईच्या एरोस्पेस विभागात एमटेकला अर्ज करता येतो; प्राध्यापकीसाठी पुढे पीएचडी हवीच. आत्ता गणित आणि फ्लुइड मेकॅनिक्स पक्कं करा, सॉफ्टवेअरमधली रंगीत चित्रं नंतर. सीमास्तराची समीकरणं हातानं सोडवलेला विद्यार्थी मला जास्त भरवशाचा वाटतो. ही संकल्पना १९०४ साली मांडणाऱ्या प्रांट्ल यांच्याकडे आपले विष्णू माधव घाटगे जर्मनीत शिकले. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी शिकवलं, आणि १९५१ मध्ये उडालेलं एचटी-२ विमानही घडवलं. शेवटच्या वर्षी प्रकल्प म्हणून छोटा वातबोगदा बांधा. मुलाखतीत त्यावरच प्रश्न येतील.