खाल्लेले अंगी का लागत नाही?

'खातो पोटभर, पण अंगी लागत नाही.' असं बोलणं आपण गावात पुष्कळदा ऐकतो. कधी पोटात जंत असतात. कधी मधुमेह असतो, कधी क्षय. आज आपण आणखी एका कारणाची माहिती घेऊ. ते कारण म्हणजे आतड्याची जुनाट सूज.

साधी हगवण चार दिवसांत थांबते. ही तशी नव्हे. महिना महिना पातळ शौचाला होते. आव पडते, रक्त पडते. पोट दुखते, वजन उतरते. मध्येच बरे वाटते आणि पुन्हा उलटते. हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही. म्हणून रोग्याचे ताट-तांब्या वेगळे ठेवू नका.

या रोगाचे मुख्य प्रकार दोन. एकात मोठ्या आतड्याला आतून व्रण पडतात. दुसऱ्याला क्रोनचा रोग म्हणतात. न्यूयॉर्कचे डॉ. क्रोन आणि त्यांचे दोन सोबती यांनी १९३२ साली त्याची माहिती छापली, म्हणून हे नाव. हा रोग बहुधा लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला धरतो.

आता हे टोक इतके महत्त्वाचे का, ते पाहू. लहान आतडे सुमारे २० फूट लांब असते. त्याला आपण पाट समजू. पाटाला जागोजागी दारे असतात. एकेका दारातून एकेका वाफ्याला पाणी जाते. अन्नातले लोह पहिल्याच दारातून रक्तात शिरते. फॉलिक आम्ल थोडे पुढे शिरते. ब-१२ नावाचे जीवनसत्त्व मात्र अगदी शेवटच्या दारातून आत जाते. तेच दार बुजले, तर वरून कितीही पाणी सोडा, तो वाफा कोरडाच!

हे ब-१२ दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतून मिळते. डाळ-भाकरीत ते नसते. म्हणजे जो मांस-अंडी खात नाही आणि ज्याला दूधही बेताचेच मिळते, त्याला हा रोग झाला तर दोन्हीकडून तोटा. आपले यकृत ही ब-१२ ची कणगी आहे. तिच्यात काही वर्षे पुरेल इतका साठा असतो. म्हणून कणगीचा तळ लागेपर्यंत घरात कुणाला पत्ता लागत नाही. मग जीभ लाल, गुळगुळीत होते. दम लागतो. पायाला मुंग्या येतात, अंधारात चालताना तोल जातो. घरचे म्हणतात, वात आहे, तेल चोळा. तेल चोळायला आमची ना नाही. पण मुंग्या फार दिवस अंगावर काढल्या तर शिरांची झालेली हानी पुरती भरून येत नाही.

फॉलिक आम्लाची गोष्ट आपल्या मुंबईशी जोडलेली आहे. लुसी विल्स या इंग्रज डॉक्टरीणबाई १९२८ साली मुंबईत आल्या. कापडगिरणीत राबणाऱ्या गरोदर बायकांचा पंडुरोग त्यांनी तपासला. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, हे त्यांनी दाखवले. त्या अर्कातला गुण म्हणजेच फॉलिक आम्ल, हे पुढे कळले. ते पालेभाज्यांत, डाळींत असते. आतड्याच्या सुजेवर सल्फासॅलाझिन नावाचे औषध देतात, त्याने हे आम्ल कमी शोषले जाते. म्हणून डॉक्टर त्याची गोळी जोडीला देतात. पण एक धोका आहे. ब-१२ कमी असताना नुसती फॉलिक आम्लाची गोळी घेतली, तर रक्त सुधारते आणि शिरांचे नुकसान आतून चालूच राहते. तेव्हा मनानेच गोळी घेऊ नका.

रक्त पडत असेल तर लोह कमी होते, हे उघड आहे. ड जीवनसत्त्वही कमी होते. रोगी घरातच पडून असतो, त्याला ऊन लागत नाही. त्यातून सुजेवर स्टिरॉईड फार दिवस चालले तर हाडे ठिसूळ होतात.

आणि पथ्य! दूध बंद, भाजी बंद, डाळ बंद, नुसती भाताची पेज. अशाने रोग्याची उपासमार होते. दुखणे जोरात असताना हलके खावे, हे खरे. पण एखादा जिन्नस कायमचा बंद करायचा तर तो डॉक्टरांना विचारून. 'ताकदीची सुई' टोचून पैसे घेणाराकडेही जाऊ नका. काय कमी आहे ते रक्त तपासून कळते. जे कमी असेल तेवढेच द्यायचे असते. आतड्याचा क्षय आणि क्रोनचा रोग दिसायला सारखेच. क्षय असताना नुसते स्टिरॉईड दिले तर क्षय बळावतो. म्हणून तपासणी मोठ्या दवाखान्यात करावी.

कधी कधी आतड्याचे ते टोक कापून काढावे लागते. बराच भाग काढला असेल, तर ब-१२ ची सुई जन्मभर ठरल्या वेळी घ्यावी लागते. बरे वाटले म्हणून ती सोडू नये. कोणता भाग काढला आणि किती काढला, हे डॉक्टरांकडून मराठीत लिहून घ्या. तिथेच वाचून पाहा. तो कागद जपून ठेवा. पाच वर्षांनी पायाला मुंग्या आल्या, तर नव्या डॉक्टरला तो कागद आधी दाखवा.