उन्हाने तापलेले पाणी : अंघोळीला चालते, पिण्याला नाही

आपल्या वस्त्यांत गॅस आला, तरी न्हाणीजवळची चूल काही विझलेली नाही. नांदेड असो की लातूर, स्वयंपाक सिलिंडरवर आणि अंघोळीचे पाणी चुलीवर, अशी वाटणी पुष्कळ घरांनी करून घेतली आहे. त्यात बायांचा हिशेब चुकलेला नाही. वीस लिटरची एक बादली पंचवीस अंशांनी तापवायला ७५ ते ८० ग्रॅम गॅस जळतो. रोज दोन बादल्या धरल्या तर १४.२ किलोचे सिलिंडर तीन महिन्यांत नुसत्या अंघोळीवर संपते. मग चूल पेटते. खेड्यात निदान पऱ्हाट्या, तुराट्या मिळतात. शहरातल्या वस्तीत मिळतात ते पुठ्ठे, रंग दिलेल्या फळ्यांचे तुकडे, फाटक्या चपला, प्लास्टिकच्या पिशव्या आणि सायकलचे टायर. पहाटे हा धूर पत्र्याखाली साचतो आणि तो सगळ्यात जास्त ओढतात चुलीपुढे बसलेली बाई आणि तिच्या मांडीवरचे लेकरू. पाच वर्षांखालच्या मुलांचा न्यूमोनिया, बायकांचा जुना दमखोकला, डोळ्यांतला मोतीबिंदू, या सगळ्यांशी चुलीच्या धुराचे नाते आहे. प्लास्टिक आणि रबर जाळले की त्यात आणखी विषारी वायू मिसळतात.

कोणी म्हणेल, मग बादलीत रॉड टाका. अर्थिंग नसलेल्या घरात, ओल्या फरशीवर, जोड दिलेल्या वायरीवर रॉड लावणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. आम्ही तरी तो सल्ला देणार नाही.

खरी गोष्ट अशी, की अंघोळीला उकळते पाणी लागतच नाही. आपण हंडा उकळेपर्यंत तापवतो आणि मग त्यात गार पाणी ओततो! अंगाला सोसेल असे पाणी चाळीस अंशांच्या आसपास असते. तेवढे काम ऊन करू शकते. आपल्या मराठवाड्यात एका चौरस मीटर जागेवर दिवसाला सरासरी पाच युनिट विजेइतके ऊन पडते. वर सांगितलेल्या बादलीला साधारण ०.६ युनिट पुरते. म्हणजे निम्मे ऊन वाया गेले, तरी दोन फूट बाय दीड फूट जागेत एका बादलीची सोय होते. बंगल्यांच्या गच्चीवर जे सोलर दिसतात, त्यांचाही हिशेब हाच आहे. शंभर लिटरच्या संचाला साधारण दोन चौरस मीटरचे पॅनल असते.

पण नुसती बादली उन्हात ठेवली तर पाणी कोमटसुद्धा नीट होत नाही. बादली उंच असते आणि ऊन पडते फक्त वरच्या तोंडावर. पाणी पसरट आणि उथळ हवे, चार-पाच बोटांहून खोल नको. उघडे पाणी वाफेवाटे गार होते, म्हणून भांडे बंद हवे. ते काळे हवे, कारण काळा रंग ऊन पितो. आणि वर काच हवी. काचेतून ऊन आत जाते, पण आतली उष्णता सहज बाहेर येत नाही आणि वाराही लागत नाही. जिनिव्हाच्या ओरास द सोस्युर याने १७६७ मध्ये काच लावलेली अशी पेटी करून पाहिली, तेव्हा आतली उष्णता पाणी उकळण्याच्याही पुढे गेली होती.

घरी करायची तर गोड्या तेलाचे पाच लिटरचे चार पसरट डबे घ्या. सोड्याच्या गरम पाण्याने धुऊन त्यांना फक्त बाहेरून काळा रंग द्या. फवारणीच्या औषधाचा डबा कितीही धुतला तरी घेऊ नका. ते विष डब्यात मुरलेले असते आणि अंघोळीच्या पाण्यातून कातडीवाटे अंगात जाते. हे डबे आडवे मावतील एवढे लाकडी खोके आणा. तळाशी आणि कडेने चार बोटे जाड सोयाबीनचे भूस किंवा कोरडे गवत दाबून भरा, त्यावर पुठ्ठा घाला. औषधाच्या दुकानात लसी-इंजेक्शनच्या थर्माकोलच्या पेट्या टाकून देतात, त्याही चालतील, पण आतून पुठ्ठा हवाच. वर जुन्या खिडकीची काच, तिच्या कडांना चिकटपट्टी, आणि काच बसते तिथे कापडाची घडी, म्हणजे फट राहणार नाही.

डबे काठोकाठ भरू नका. पाणी तापले की फुगते. थंडीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून पेटीचे तोंड दक्षिणेला करून उत्तरेकडची बाजू दोन-तीन विटांवर उचला आणि डब्यांची झाकणे त्या उंच बाजूला ठेवा. नऊपासून चारपर्यंत भिंतीची किंवा झाडाची सावली पडणार नाही अशी जागा पाहा. पत्र्यावर चढू नका. पत्रा फाटतो, पाय घसरतो. अंगण, ओटा, विहाराची गच्ची बरी.

स्वच्छ ऊन असेल तर चारच्या सुमारास पाणी अंघोळीजोगे होते. आता अडचण अशी, की आपल्याकडे अंघोळ सकाळची. डबे वाकळीत गच्च गुंडाळून ठेवले तर सकाळी पाणी कोमट राहते, गरम नाही. आमचे मत विचाराल तर अंघोळ संध्याकाळी हलवावी. बांधकामावरून, वीटभट्टीवरून, झाडलोटीच्या कामावरून आलेल्या माणसाने सिमेंट आणि धूळ अंगावर घेऊन रात्रभर झोपावे कशाला? शाळकरी पोरांचेही तसेच. सासूबाईंना पटायला एखादा महिना लागेल. तापलेले पाणी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या सकाळी वापरून टाका. कोमट पाणी चार-चार दिवस साठले की त्यात जंतू वाढतात.

लेकरांची काळजी मात्र वेगळी. जळीत कक्षात काम करताना आम्ही पाहिले आहे, थंडीच्या दिवसांत उकळत्या पाण्याने भाजलेली लेकरे हमखास येत. पेटीमुळे हंडा उचलण्याचा धोका जातो, पण उन्हाळ्यात पेटीतले पाणी किंवा उन्हातल्या नळीतले पहिले पाणी चटका देण्याइतके तापू शकते. साठ अंशांच्या पाण्याने लहान मुलाची कातडी काही सेकंदांत भाजते. आधी गार पाणी, मग गरम, आणि मग आपले कोपर बुडवून पाहायचे. भाजलेच तर वीस मिनिटे साधे पाणी सोडत राहा. टूथपेस्ट, हळद, शाई काही लावू नका. नव्या बाळाला पहिले चोवीस तास अंघोळच घालू नये, पुसून कोरडे गुंडाळावे. कमी वजनाच्या बाळाची अंघोळ आशाताईंना विचारून.

आणि हे पाणी पिऊ नका. गरम आहे म्हणजे उकळलेले आहे, असा समज वस्तीत सर्रास आहे. चाळीस-पन्नास अंशांवर जुलाब आणि काविळीचे जंतू मरतीलच असे नाही. लातूरकरांना २०१६ चा एप्रिल आठवत असेल. मिरजेहून रेल्वेच्या दहा वाघिणी पाच लाख लिटर पाणी घेऊन आल्या होत्या. अशा वर्षी घरातले मिळेल ते भांडे पिण्याच्या पाण्याने भरले जाते. तेव्हाही हे काळे डबे पिण्यासाठी भरू नका, ते वेगळे ओळखू येतील असे ठेवा.

पिण्याच्या पाण्यासाठी उन्हाची दुसरी रीत आहे. ती बैरूतच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी १९८० च्या सुमारास मांडली. पारदर्शक, रंग नसलेली, दोन लिटरपर्यंतची प्लास्टिकची बाटली निवळ पाण्याने भरून कडक उन्हात सहा तास आडवी ठेवायची. आभाळ अर्धे भरलेले असेल तर दोन दिवस. इथे काम होते ते मुख्यतः उन्हातल्या अतिनील किरणांनी, म्हणून बाटली काळी चालत नाही आणि पाणी गढूळ चालत नाही. सलग पाऊस असेल तर ही रीत सोडा आणि पाणी उकळा किंवा क्लोरिनचे थेंब टाका. मात्र किनवटकडच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड असते, तिथे ऊनही चालत नाही आणि उकळणेही. उकळल्याने फ्लोराइड जात नाही, पाणी आटते आणि फ्लोराइडचे प्रमाण वाढतेच. तिथे तपासलेला दुसरा स्रोत मागितला पाहिजे. लेकरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे दिसले तर ग्रामपंचायतीला पाणी तपासायला लावा.

वर्षावासाचे महिने पेटीच्या कामाचे नाहीत. काच काढून आत ठेवा, भूस बाहेर काढून वाळवा आणि डबे उपडे करा, नाहीतर त्यात पावसाचे पाणी साचून डेंग्यूचे डास होतील. दसऱ्याच्या आसपास आभाळ मोकळे झाले की पेटी पुन्हा ओट्यावर.