किल्ल्या कोणाच्या हाती द्याव्यात?
अमेरिकेतील एक मंत्रिमंडळ, त्यावरील वाद आणि आपली पेढी

व्यापारी व कारागीर बंधूंनो,

दुकान लहान असो की मोठे, कधी ना कधी मालकाला गल्ला आणि वही दुसऱ्याच्या स्वाधीन करावी लागते. मुनीम नेमताना, भागीदार घेताना किंवा कारखान्यावर मुकादम ठेवताना काय पाहावे? हुशारी की इमानदारी? २००९ साली अमेरिकेत हाच प्रश्न देशाच्या खजिन्याबद्दल उभा राहिला होता. त्या वादात आपल्या कामाचे बरेच काही आहे, म्हणून या वेळी आम्ही तो अभ्यासासाठी घेत आहोत.

पार्श्वभूमी

१५ सप्टेंबर २००८ रोजी लेहमन ब्रदर्स ही अमेरिकेतील मोठी पेढी दिवाळखोरीत गेली आणि जगाचा बाजार हादरला. त्याची झळ आपल्यापर्यंत आली. भारताची निर्यात त्याच वर्षाच्या ऑक्टोबरपासून घटू लागली. सुरतच्या हिरे कारागिरांचे आणि मुरादाबादच्या पितळकाम करणाऱ्यांचे काम कमी झाले. अशा वेळी ४ नोव्हेंबर २००८ रोजी डेमोक्रॅटिक पक्षाचे बराक ओबामा अध्यक्ष म्हणून निवडून आले.

तेथील पद्धत अशी की, अध्यक्ष मंत्र्याचे नाव सुचवतो, सिनेटची समिती त्याची उलटतपासणी करते आणि मग सिनेट मतदान करते. मंजुरी मिळाल्याशिवाय खुर्ची मिळत नाही. कर कमी असावेत, सरकारने व्यापारात कमी हात घालावा असे मानणारे रिपब्लिकन पक्षातील परंपरावादी या नावांकडे बारकाईने पाहत होते.

परंपरावाद्यांनी काय म्हटले?

त्यांनी सरसकट विरोध केला नाही. बुश यांनी नेमलेले संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांना ओबामांनी त्याच पदावर ठेवले, याचे परंपरावाद्यांत स्वागत झाले. बुश यांचे माजी सल्लागार कार्ल रोव्ह यांनी तर नव्या आर्थिक चमूबद्दलही समाधान व्यक्त केले.

जो विरोध झाला, तो दोन प्रकारचा होता. पहिला धोरणाचा. मजूरमंत्री म्हणून हिल्डा सोलिस यांचे नाव आले. गुप्त मतदानाऐवजी बहुसंख्य कामगारांनी कार्डावर सही केली तरी संघटनेला मान्यता मिळावी, अशा विधेयकाच्या त्या बाजूच्या होत्या. मालकवर्गाला हे नको होते. त्यांची मंजुरी लांबली, पण २४ फेब्रुवारी २००९ रोजी ८० विरुद्ध १७ मतांनी मिळाली.

दुसरा विरोध हिशेबाचा होता आणि तोच आपल्याला अधिक शिकवतो. अर्थमंत्रिपदासाठी न्यूयॉर्क फेडरल रिझर्व्ह बँकेचे प्रमुख टिमोथी गाइटनर यांचे नाव होते. बँकांचे संकट त्यांना आतून ठाऊक होते. परंतु तपासात असे निघाले की, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत नोकरी करताना २००१ ते २००४ या वर्षांचा सुमारे ३४ हजार डॉलर कर त्यांनी वेळेवर भरला नव्हता. नाणेनिधी पगारातून तो कर कापत नसे, ज्याचा त्याने भरायचा असे. २००६ साली करखात्याच्या तपासणीनंतर त्यांनी २००३ व २००४ ची बाकी भरली. आधीच्या दोन वर्षांची मात्र नाव मंत्रिपदासाठी पुढे येईपर्यंत राहिली. चूक निष्काळजीपणाने झाली, हेतू वाईट नव्हता, असे त्यांचे म्हणणे होते.

करखाते अर्थमंत्र्याच्याच हाताखाली असते. ज्याने स्वतःचा कर वेळेवर भरला नाही, तो इतरांकडून कोणत्या तोंडाने वसूल करणार, असा सवाल विरोधकांनी केला. अर्थसमितीतील ज्येष्ठ रिपब्लिकन चक ग्रासली यांनी विरोधात मत दिले. मात्र त्याच पक्षाच्या ऑरिन हॅच आणि लिंडसे ग्रॅहम यांनी पाठिंबा दिला. बाजाराला आग लागली असताना जाणकार माणूस दूर सारू नये, अशी या बाजूची भूमिका होती. २६ जानेवारी २००९ रोजी ६० विरुद्ध ३४ मतांनी गाइटनर मंत्री झाले.

आरोग्यमंत्रिपदासाठी सुचवलेले टॉम डॅशल यांना ते साधले नाही. एका मित्राने दिलेली गाडी व चालक त्यांनी वापरला, पण उत्पन्नात दाखवला नाही. व्याजासह सुमारे १ लाख ४० हजार डॉलर भरूनही गदारोळ थांबला नाही. ३ फेब्रुवारी २००९ रोजी त्यांनी माघार घेतली. आपल्याकडून चूक झाली, हे ओबामांनी त्याच दिवशी जाहीरपणे मान्य केले.

आपली कसोटी

हा वाद आपल्याला नवा नाही. मदयन येथे हजरत मूसा (अ.) यांना कामावर ठेवण्याचा सल्ला त्या बुजुर्गांच्या मुलीने दिला, तेव्हा तिने दोन्ही गुण सांगितले : ताकद आणि अमानतदारी. कुरआनने हा प्रसंग सूरह कससमध्ये दिला आहे. उलट हजरत अबू जर (रजि.) यांच्या सच्चेपणाबद्दल कोणाला शंका नव्हती. तरीही त्यांनी पद मागितले, तेव्हा पद ही अमानत आहे आणि ती पेलण्याचे बळ तुमच्यात नाही, असे प्रेषितांनी (स.) त्यांना समजावले. म्हणजे नुसती नेकी पुरत नाही आणि नुसती हुशारीही पुरत नाही.

यातून आम्हाला चार गोष्टी घ्याव्याशा वाटतात.

१) नेमणुकीपूर्वी चौकशी करा. नात्यातला आहे, नमाजी आहे, एवढ्यावर किल्ल्या देऊ नका. पूर्वीच्या मालकाला विचारा. वही लिहायला लावून पाहा.

२) मतभेद म्हणजे बेइमानी नव्हे. मजुरी वाढवून मागणारा कारागीर आणि गल्ल्यात हात घालणारा नोकर यांना एका तराजूत तोलू नका. सोलिस यांच्यावरील मुख्य आक्षेप मताचा होता, गाइटनर यांच्यावरील हिशेबाचा.

३) ज्या मिळकतीतून कर आधी कापला जात नाही, तिच्यातला हिस्सा त्याच दिवशी बाजूला काढा. रोखीने काम करणाऱ्या कारागिराची, कमिशनवाल्या दलालाची चूक बहुधा येथेच होते. फुकट मिळालेल्या सवलतीचीही नोंद ठेवा.

४) देणे निघाल्यावर सगळे चुकते करा. गाइटनर यांची कुचंबणा झाली ती अर्धे भरून अर्धे ठेवल्यामुळे. ऐपत असताना देणे लांबवणे याला प्रेषितांनी (स.) जुलूम ठरवले आहे. मजुराचा पगार, व्यापाऱ्याची उधारी, सरकारचा कर, सर्वांना हे लागू आहे.

गाइटनर यांना पद मिळाले, कारण त्या घटकेला त्यांच्या जाणकारीची गरज मोठी होती. डॅशल यांना ते सोडावे लागले. बाजारात आपली गरज लोकांना नेहमीच भासेल, असे कोणी धरून चालू नये. हिशेब स्वच्छ असेल तर मंदीतही माणसे आपल्याकडे माल ठेवतात आणि उधार देतात. वर्षअखेरीची वाट न पाहता या आठवड्यातच आपली वही उघडावी आणि कोणाचे काय देणे राहिले आहे ते पाहावे, एवढीच आमची विनंती. अल्लाह आपल्या रोजीत बरकत देवो.