विमानाच्या इंजिनातील सिरॅमिक

भाजलेले मडके फुटते, पण गंजत नाही, हे आपण जाणतो. मग विमानाच्या इंजिनातील सिरॅमिक झिजते कसे?

हे सिरॅमिक साध्या मातीचे नसते. सिलिकॉन कार्बाइडचे धागे त्याच द्रव्यात बसवून ते घडवितात. मातीच्या भिंतीत भुसा घालावा तसे हे धागे तडा पसरू देत नाहीत. निकेलच्या मिश्रधातूच्या मानाने त्याचे वजन सुमारे एकतृतीयांश असते. २०१६ साली प्रवासी सेवेत आलेल्या 'लीप' इंजिनात टर्बाइनच्या पात्यांभोवतीचे कडे याचेच आहे.

तापल्यावर त्यावर सिलिकाचा पातळ थर येतो. कोरड्या हवेत हाच थर त्याचे रक्षण करतो. परंतु इंधन जळले की पाण्याची वाफ निर्माण होणारच. सिलिका व वाफ यांच्या संयोगाने वायुरूप हायड्रॉक्साइड तयार होते आणि ते वेगवान झोताबरोबर निघून जाते. थर पुन्हा येतो, पुन्हा जातो; मूळ द्रव्य मात्र झिजत राहते.

यावर उपाय म्हणून यिटर्बियमसारख्या धातूच्या सिलिकेटचा लेप देतात. त्याला भय धुळीचे! सुमारे १२०० अंश सेल्सियसला धूळ वितळते, काचेसारखी होऊन लेपात मुरते. इंजिन थंड होताना लेपाला तडे जातात आणि वाफेला वाट मिळते.

उन्हाळ्यात अंबडच्या रस्त्यांवर धुरळा उडतोच. अशा कोरड्या मुलुखांवरून विमानांना नित्य ये-जा करावी लागते. तेव्हा पदार्थाची परीक्षा केवळ कोरड्या भट्टीत घेऊन भागत नाही. ज्या वाफेत व धुळीत त्याला राबायचे आहे, तेथेच ती घ्यावी लागते.